खेकड्याच्या अडतीस घड्या

मावशीने खेकडा उघडायला साफ नाही म्हटलं, तेव्हा बारकीला रागच आला. बारकी म्हणजे चांगली पस्तिशीची बाई, पण घरात सगळ्यात धाकटी म्हणून जन्माची बारकी. दोन आठवडे ती मावशीसमोर कागद आणि लॅपटॉप घेऊन बसत होती, आणि हाती काय लागलं होतं? पहिल्या नऊ घड्या आणि डोकेदुखी.

खेकडा कागदाचा. एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने पांढरा असा एकच चौकोनी कागद, कात्री नाही, गोंद नाही. पाठीवर दाबलं की नांग्या उघडायच्या. मावशी तीस वर्षं दातांच्या दवाखान्यात नावं पुकारायच्या कामाला होती. आत ड्रिलचा आवाज सुरू झाला की बाहेर पोरं गळा काढायची, म्हणून तिने हा खेकडा स्वतःच्या डोक्याने रचला आणि हजारभर तरी वाटला. लिहून मात्र कधी ठेवला नाही. लिहायचं कशाला, हात होते की! मग गेल्या वर्षी तिला झटका आला आणि उजवा हात आखडला तो आखडलाच. पोरांनी नेलेले खेकडे पोरांनी कधीच फाडून टाकलेले. आता जगात एकच उरला होता, मावशीच्या शोकेसमध्ये.

बारकीचं काम आकृत्यांचं. कपाट कसं जोडायचं, पंखा कसा बसवायचा, अशी पत्रकं असतात ना, जी कोणी वाचत नाही, ती. पण हाताने चितारायचं नाव नाही. ती स्क्रिप्टमध्ये ओळी लिहायची: या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत रेघ, एवढी जाड, एवढी तुटक. बाकी रेघोट्या कॉम्प्युटर मारायचा. घड्यांसाठी तिने दोनच शब्द ठरवले होते. घडी खाली खचली तर ‘दरी’, म्हणजे तुटक रेघ. वर उचलली गेली तर ‘डोंगर’, म्हणजे रेघ आणि टिंब आलटून पालटून. मावशीला हे फार आवडलं. पण दहाव्या घडीला गाडी अडली, कारण मावशी सांगायची, “असं धरायचं, मग असं, आणि हे अस्सं आत सारायचं.” डावा हात हवेत फिरायचा, उजवा मांडीवर पडून असायचा. आता ‘अस्सं’ला स्क्रिप्टमध्ये कुठला बिंदू द्यायचा, तुम्हीच सांगा.

म्हणून बारकी म्हणाली, शोकेसमधला उघडू या. शेवटची घडी आधी, मग तिच्या आधीची, अशी एकेक सोडवायची आणि प्रत्येकीचा फोटो काढायचा. मावशीचं तोंडच उतरलं. उघडलेल्याच्या घड्या परत घालणार कोण? तिच्या हाताला जमणार नव्हतं आणि दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. आकृत्या चुकल्या की खेकडा कायमचा गेला. बारकीने समजावलं, चिडली, चहा केला, पुन्हा समजावलं. मावशी काही बधेना. शेवटी बारकी तोंड फुगवून लॅपटॉप मिटायला लागली, तेव्हा मावशी म्हणाली,

“मी गेल्यावर तुम्ही त्याच्यावरची धूळ पुसत बसाल, एवढंच होईल ना? काढ बाहेर.”

उघडायला डावा हात पुरला. अडतीस घड्या, अडतीस फोटो. शेवटी टेबलावर एक चुरगळलेला चौकोन उरला, आणि बघवेना म्हणून मावशी खिडकीकडे तोंड करून बसली.

बारकीने चार दिवस मान वर केली नाही. शेवटचा फोटो पहिला, पहिला शेवटचा. दरी, डोंगर, दरी, दरी. त्या ‘अस्सं’ला एकूण सहा रेघा लागल्या. मग सगळं छापून, नवा कागद घेऊन ती मावशीसमोर बसली आणि आकृत्या बघत बघत तासाभरात खेकडा केला.

खेकडा पांढरा निघाला. पोट तेवढं लाल.

जुना तर आपणच हट्टाने उघडायला लावला, आणि नवा हा असा. अडतीसच्या अडतीस घड्या मुळातच चुकल्या, असं बारकीला वाटलं. मावशीने तो पांढरा प्राणी डाव्या हातात घेतला आणि पाठ दाबली. नांग्या उघडल्या. मग ती हसायलाच लागली. म्हणाली, खेकडा बरा आहे गं, सदरा तेवढा उलटा घातलाय याने.

बारकीने कपाळावर हात मारला. कपाटांच्या आकृत्यांत सनमायक्याची रंगीत बाजू नेहमी वर. त्याच सवयीने स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत तिने ‘वरची बाजू: लाल’ असं ठोकून दिलं होतं, आणि पुढे रेघा तेवढ्या तपासल्या, रंगांकडे ढुंकून पाहिलं नाही. कागद पांढरी बाजू वर ठेवून सुरू करायचा होता. तिने तो एक शब्द बदलला आणि सगळ्या चित्रांचे रंग पालटले.

एवढ्याने मावशीचं समाधान होईना. बारकीचं काय, तिने खेकडा उघडताना पाहिला होता. ज्याने काहीच पाहिलं नाही त्याला जमलं तर खरं. असा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी आपण होऊन येणारच होता: मावशीच्या हाताचा व्यायाम घेणारा फिजिओ. सहा फुटी गडी, पंजे हे एवढे. आपण आयुष्यात कागदाची होडीसुद्धा केलेली नाही, हे त्याने आधीच सांगून टाकलं. मावशीला अट एकच होती, तोंड उघडायचं नाही.

तिला ते किती जड गेलं म्हणून सांगू! तो डोंगराची दरी करायचा, रेघेकडे निरखून बघायचा, स्वतःशी पुटपुटायचा, परत उलगडायचा. मावशी खुर्चीत नुसती चुळबुळत होती. दहाव्या घडीला तो थांबला. आकृती नाकाशी नेली. कागद फिरवला, पुन्हा फिरवला. मावशीचा डावा हात उठला, तो बारकीने धरून ठेवला. बारकीच्या मनात आलं, संपलं सगळं. एवढ्यात फिजिओने अंगठा आत घातला, टोक दाबलं आणि तो पुढच्या चित्राकडे वळला.

या वेळी खेकडा लाल निघाला. एक पाय तोकडा, चाल जराशी फेंगडी, पण खेकडाच. फिजिओने पाठ दाबली, नांग्या उघडल्या, आणि तो एवढा मोठा माणूस खुदकन हसला. मग दाबतच बसला.

बारकीने विचारलं, बरं वाटलं ना?

“वाटलं,” मावशी म्हणाली. “आणि जरा वाईटही वाटलं गं. माझ्यावाचून झाला.”

फिजिओने विचारलं, मुलीसाठी हा घरी नेला तर चालेल का. मावशीने नाही म्हणून मान हलवली. बिचाऱ्याचा चेहरा पडला. मग तिने टेबलावर पसरलेली आकृत्यांची पानं डाव्या हाताने गोळा केली, छातीशी धरून सारखी केली आणि त्याच्यापुढे केली.

“खेकडा राहू दे इथे. तिला हे द्या. तिचा ती करेल.”

पानं घेऊन तो जिना उतरला. बारकी दार लावायला उठली, तर मावशी म्हणाली, राहू दे जरा उघडं. खाली स्कूटर सुरू झाली, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आली, मग ऐकू येईनाशी झाली.

“गेला गं माझा खेकडा,” मावशी म्हणाली, आणि डोळे पुसता पुसता हसली.