पाठमोरी भेट

कल्याणीने तिसऱ्यांदा हाक मारली, तरी द्वारकाने तांदळाच्या ताटातून मान वर केली नाही.

"द्वारका, उठ. दुसऱ्या तुकडीत नाव आहे तुझं."

"मी नाही येत, बाई."

"नाही येत म्हणजे? नाव तूच दिलंस ना?"

"दिलं होतं. आता नाही म्हणते."

बराकीत दुसरं कुणी नव्हतं. सकाळपासून सगळ्या बायका मोरीपाशी रांग लावून डोकी धूत होत्या, एकमेकींच्या हिरव्या साड्यांच्या निऱ्या नीट करत होत्या, कँटीनमधून घेतलेली पावडरची एकच डबी हातोहात फिरत होती. वर्षभर मुलांना काचेपलीकडून बघायचं आणि फोनवरून बोलायचं. गळाभेटीच्या दिवशी मात्र मुलं आत येतात, आईला हात लावता येतो, मांडीवर बसता येतं. तुकडीतुकडीने, प्रत्येकीला अर्धा तास. बायका या दिवसाची दिवाळीपेक्षा जास्त वाट पाहतात आणि दुसऱ्या दिवशी बराकीत कुणी कुणाशी बोलत नाही.

द्वारकाने एक खडा वेचून बाजूला ठेवला. खडा कसला, तांदळाचाच तुकडा होता तो.

"बाहेर पोरगी उभी आहे," कल्याणी म्हणाली.

"माहीत आहे. म्हणून तर आत बसले."

"मग तिला काय सांगू?"

"काहीही सांगा. मेली सांगा." एवढं बोलून ती थबकली. "नको, तसं नको. आजारी आहे म्हणा."

कल्याणी ही या कारागृहातली महिला शिपाई. बाराएक वर्षं तिची इथे नोकरी झाली होती आणि इतक्या वर्षांत तिने स्वतःपुरते दोन नियम केले होते. कुठल्याही बाईला, तू काय केलंस म्हणून आलीस, असं विचारायचं नाही. आणि घरी गेल्यावर गणवेश काढून अंघोळ केल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. नवरा संतोष पहिल्या वर्षी कुरकुरला, पुढे गुपचूप गीझर लावून ठेवायला लागला. मध्यंतरी कर्मचाऱ्यांसाठी तणावमुक्तीची कार्यशाळा झाली होती. बाहेरून आलेल्या तज्ज्ञ बाईंनी सगळ्यांना डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायला लावला, तोही संडासाशेजारच्या हॉलमध्ये. मग समोसे झाले, फोटो निघाला आणि तणाव होता तिथेच राहिला. त्यापेक्षा आपली अंघोळ बरी, असं कल्याणीचं मत होतं.

पण गेल्या वर्षीची गळाभेट काही अंघोळीने गेली नव्हती.

वेळ संपल्याची शिट्टी झाली तेव्हा द्वारकाच्या पोरीने, नम्रताने, आईच्या पदराला आणि दंडाला जी मिठी घातली ती सुटेचना. तेव्हा ती अकरा वर्षांची होती, पण बोटांत जोर एवढा, की द्वारकाच्या दंडावर नखं रुतली. पुढची तुकडी दारात खोळंबली होती. साहेबांनी नुसतं कल्याणीकडे पाहिलं. कल्याणी खाली वाकली आणि एकेक बोट उलगडायला लागली. एक सोडवलं की आधीचं पुन्हा मिटायचं. पोरगी ओरडत नव्हती, हे सगळ्यांत वाईट. ती हळू आवाजात "प्लीज मॅडम, प्लीज मॅडम" म्हणत होती.

त्यानंतर द्वारका जी आडवी झाली ती उठेना. जेवण सुटलं, बोलणं सुटलं, महिनाभर तिला कारागृहाच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. तिथून परत आली ती नेम करूनच. भिंतीला लावलेला फोटो काढला. पोरीचं नाव घ्यायचं सोडलं. कुणी मुलांच्या गोष्टी काढल्या की ताट घेऊन कोपऱ्यात जायची. शिक्षेची वर्षं अजून पुष्कळ होती, आणि ती काढायची तर असंच काढता येईल हे तिचं तिला कळलं होतं.

त्यामुळे ती "नाही येत" म्हणाली तेव्हा कल्याणीला खरं तर हायसं वाटलं. वरवर ती रागावली, एवढंच. ती बोटं पुन्हा सोडवायची नाहीत. बास.

"बरं," ती म्हणाली, "सांगते आजारी आहे."

मधल्या अंगणात मांडव घातला होता. कुठल्याशा संस्थेने फुगे बांधले होते, जणू कुणाचं बारसं आहे. फलकावर प्रमुख पाहुण्यांचं नाव गळाभेट या शब्दाच्या दुप्पट मोठं होतं. पहिल्या तुकडीची मुलं सतरंजीवर आयांना बिलगून बसली होती. एक बाई मुलाला नुसती हुंगत होती. कल्याणी तिकडे न बघता दरवाजाकडे गेली.

दरवाजाशी परवीन होती, तिच्याहून वरिष्ठ. गळ्यात शिट्टी, हातात यादी. "तुझी कुठंय?" तिने विचारलं.

"येत नाही म्हणते."

"अगंबाई," परवीन म्हणाली, आणि बाकाकडे बोट केलं. "मग ते तूच सांग जाऊन. मला नाही जमायचं."

बाकावर द्वारकाची आई, गोदाबाई, पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. शेजारी नम्रता उभी. वर्षात चांगलीच उंच झाली होती. कपडे इस्त्रीचे, केस वर रबराने बांधलेले, चेहरा परीक्षेला आल्यासारखा. कल्याणीला तिने ओळखलं आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले.

गोदाबाईने बोलायला सुरुवात केली ती थांबेचना.

"बाई, लवकर भेटू द्या माय. आता आमचं येणं काई होत नाही. वाघोलीची खोली सोडली म्या. उद्या पोरीले घेऊन वाशीमले चालली, लेकाकडं. मले आता झेपत नाही. गुडघे गेले. तिथून कोण आणते इतक्या लांब? द्वारकीले हे सांगतलं नाही अजून. म्हटलं, समोरच सांगू."

म्हातारीपुढे आजाराची थाप मारायला कल्याणीची जीभ उचलेना, म्हणून तिने पोरीला जरा बाजूला नेलं.

"आईला ताप आलाय," ती म्हणाली. खोटं बोलायची सवय नसली की माणूस थेट तापावर जातं.

"बरं झालं," नम्रता म्हणाली.

मग तिचे कान लाल झाले. "ताप आला ते नाही, मॅडम. भेट होणार नाही ते. म्हणजे... मागच्या वेळी मी तसं केलं म्हणून ती आजारी पडली ना? आजी सांगत होती, दवाखान्यात ठेवलं होतं. या वर्षी मी ठरवूनच आले होते रडायचं नाही म्हणून. पण रडू काय विचारून येतं का? मला रात्रभर तेच टेन्शन होतं."

"हं," कल्याणी म्हणाली.

"तिला एक सांगाल? मी खूप रडले म्हणून सांगा."

"का? तू तर रडली नाहीस."

"नाहीतर तिला वाटेल हिला काहीच वाटत नाही."

पोरगी हे अगदी शहाण्यासारखं बोलली आणि पुन्हा आजीशेजारी जाऊन उभी राहिली. कल्याणीला तिचा राग आला, आईचा आला, वाशीमच्या त्या न पाहिलेल्या लेकाचा आला. सगळ्यांत जास्त स्वतःचा आला, कारण मघाशी तिलाही "बरं झालं" असंच वाटलं होतं. मायलेकी एकमेकींना जपत होत्या आणि त्या जपण्यात भेटच बुडत होती. आतला निरोप बाहेर आणि बाहेरचा आत न्यायचा नाही, हा इथला पहिला नियम. तो तिने आजवर मोडला नव्हता.

"परवीनताई, दुसरी तुकडी जरा दमानं सोडा," ती म्हणाली आणि आत वळली. बराकीपर्यंत ती जवळजवळ पळतच गेली.

द्वारका तशीच बसली होती. ताटातला निवडलेला ढीग होता तेवढाच होता.

"गेली?"

"नाही."

"रडली का?"

कल्याणीने दम खाल्ला. हो म्हटलं तर ही पुन्हा आडवी पडेल, नाही म्हटलं तरी पडेल. दोन्हीकडून मरण.

"नाही रडली. पण खूप रडले असं सांगा म्हणाली."

द्वारकाच्या घशातून चमत्कारिक आवाज आला, आणि तो हसण्याचा आहे हे कळायला कल्याणीला वेळ लागला. तिला हसताना तिने कधी पाहिलं नव्हतं.

"लबाड कारटी," द्वारका म्हणाली. "लहानपणापासून अशीच."

"अजून एक आहे. तुझी आई खोली सोडून उद्या गावी चाललीय. पोरीलाही घेऊन. आता येणं होणार नाही म्हणते."

हसू गेलं. द्वारकाने ताट खाली ठेवलं आणि ते ठेवताना थोडे तांदूळ सांडले. बाहेर परवीनची शिट्टी वाजली, लांब. पहिली तुकडी उठत होती. कुणाचं तरी मूल भोकाड पसरून रडायला लागलं.

"मागच्यासारखी पडले तर, बाई? मला ते दुसऱ्यांदा नाही जमणार. खरंच नाही जमणार."

"पडलीस तर पडलीस. उचलायला आम्ही पगार घेतो."

"तुम्ही तिची बोटं सोडवू नका."

"नाही सोडवणार," कल्याणी म्हणाली. ते आपल्या हातात नाही हे तिला ठाऊक होतं.

"लागलंच तर मी सोडवीन," द्वारका म्हणाली आणि उठली.

मांडवात दुसरी तुकडी बसली होती. आईला बघताच नम्रता उभी राहिली, पण पुढे आली नाही. द्वारकाही दोन हातांवर थांबली. आजूबाजूला मुलं आयांच्या गळ्यात पडत होती आणि या दोघी पाहुण्यांसारख्या उभ्या. गोदाबाईने पदर तोंडाला लावला. मघापासून तिला काय काय सांगायचं होतं, त्यातलं काहीच तिच्याने सांगवेना.

"उंच झालीस," द्वारका म्हणाली.

"ताप उतरला?" नम्रता म्हणाली.

द्वारकाने कल्याणीकडे पाहिलं. "उतरला," ती म्हणाली.

नम्रताची हनुवटी हलायला लागली होती. तिने ओठ आत ओढून घेतले. द्वारकाच्या ते लक्षात आलं असावं, कारण ती एकदम खेकसली.

"हे काय केस? घोड्याचं शेपूट नुसतं. बस खाली. पाठ कर इकडं."

नम्रता निमूटपणे सतरंजीवर बसली आणि आईकडे पाठ केली. द्वारका तिच्यामागे बसली. तिने रबर काढला, केस खांद्यावर मोकळे सोडले आणि बोटांनीच विंचरायला लागली. कंगवा आत आणायला परवानगी नव्हती. गुंता लागला की पोरगी "आई गं" म्हणायची आणि आई "गप" म्हणायची. शाळेचं विचारलं, मामाच्या घराचं विचारलं, तिथल्या शाळेत वर्गात पुढे बस म्हणून सांगितलं. दोघींचे आवाज नेहमीसारखे होते, अगदी भाजी निवडता निवडता बोलावं तसे.

कल्याणी त्यांच्या समोर उभी होती. तिचं काम लक्ष ठेवण्याचं, त्यामुळे तिला दोघींचे चेहरे दिसत होते. त्या दोघींना एकमेकींचा दिसत नव्हता. नम्रताचे गाल आणि गळा ओला झाला होता, पण ती नाकसुद्धा ओढत नव्हती. मागे द्वारकाचंही तेच चाललं होतं. ती मधूनमधून खांद्याला डोळे पुसायची आणि पुढचा पेड घ्यायची.

वेणी पुरी झाली. घट्ट, सरळ, पाठीच्या मधोमध. द्वारकाने टोकाला रबर बांधला. तेवढ्यात शिट्टी झाली.

मांडवात रडारड सुरू झाली. कुणी मुलांना ओढत होतं, कुणी बायकांना. कल्याणीचे हात जागच्या जागी ताठ झाले. पण नम्रताने मिठी मारली नाही. ती पाठमोरीच बसून राहिली, आईने उठ म्हणायची वाट पाहत.

द्वारकाने वेणीकडे पाहिलं. रबर काढला आणि खालून वरपर्यंत सगळी वेणी सोडली.

"वाकडी झाली," ती म्हणाली.

परवीन यादी घेऊन आली. "चला, उठा. कल्याणी, उठव त्यांना, साहेब बघतायत. तिसरी तुकडी उभी आहे."

"थांबा जरा, ताई," कल्याणी म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "वेणी वाकडी झालीय."

परवीनने आधी तिच्याकडे पाहिलं, मग पोरीच्या पाठीवरच्या मोकळ्या केसांकडे.

"मग नीट घाल म्हणावं," ती म्हणाली आणि साहेब उभे होते त्यांच्या पुढ्यात जाऊन तिने यादीतली नावं वाचायला सुरुवात केली.

द्वारकाने केसांचे पुन्हा तीन पेड केले आणि या वेळी फार सावकाश वेणी घालायला घेतली.