फोरमची ओसरी

मास्तरांनी कधी कुठल्या शाळेत शिकवलं नव्हतं. जन्मभर रेडिओ दुरुस्त केले आणि दुकान बंद झाल्यावर जुन्या रेडिओंचा एक फोरम काढला. तिथल्या लोकांनीच त्यांना मास्तर केलं. काय दिवस होते ते! कुणीही यावं, काहीही विचारावं. रेडिओ मुका झाला म्हणून एकाने चार दिवस सगळ्यांचं डोकं खाल्लं आणि शेवटी कळलं, पठ्ठ्याने प्लगच लावला नव्हता.

मग जाहिरातवाले घुसले. टक्कल घालवा, वजन उतरवा. साफसफाई करता करता मास्तरांच्या नाकी नऊ आले. त्यांनी नियम केला: नव्या सभासदाच्या पहिल्या दहा पोस्ट आपण वाचून मगच आत सोडायच्या, आणि तोवर त्याला फोटो टाकता येणार नाही. घाण थांबली खरी, पण नवी माणसंही थांबली. उरले सात-आठ म्हातारे, एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करणारे. मास्तरांना जुनी गर्दी फार आठवे, पण दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो.

एका दुपारी एका नव्या सभासदाच्या दहा पोस्ट एकदम मंजुरीला आल्या. सगळ्या जुन्यापुराण्या चर्चांखाली, आणि प्रत्येकीत एकच शब्द: 'आभारी.' जाहिरातवाले अशीच भरती करून दहाचा आकडा गाठत. मास्तरांनी चहा पिता पिता दहाही उडवल्या आणि सभासदाला ब्लॉक केलं.

संध्याकाळी त्या सभासदाचा मेल आला. एका रेडिओ मेकॅनिकची मुलगी होती ती. वडील नुकतेच गेले होते. या दहा चर्चा वाचून त्यांनी दहा रेडिओ बोलते केले होते, म्हणून तिने त्यांच्या वतीने आभार मानले होते. घरचा रेडिओ मात्र उघडाच राहिला होता. आई रोज त्याच्यासमोर बसते, म्हणून त्याचा फोटो टाकायचा होता.

"बाबांना मी म्हणायचे, सभासद व्हा," तिने लिहिलं होतं. "ते म्हणायचे, या वयात दहा पेपर कुठे देत बसू?"

सुक्याबरोबर ओलंही जळतं, हे मास्तरांना माहीत होतं. पण जाळणारे आपण, हे आज कळलं आणि फार लागलं. त्यांनी तिची माफी मागितली, ब्लॉक काढला आणि फोरमवर एक नवा विभाग उघडला: 'ओसरी'. घरात यायचे नियम तेच, पण ओसरीवर कुणीही बसावं, फोटोही टाकावा. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, असं म्हाताऱ्यांनी बजावलं. मास्तर म्हणाले, राखण मी करीन.

तासाभरात टकलाच्या तीन जाहिराती आल्या. मास्तरांनी त्या मुकाट्याने काढल्या. चौथा आला तो तिचा फोटो.

रेडिओच्या प्रत्येक तारेला नेटक्या अक्षरातली चिठ्ठी बांधली होती: ही इथे, ती तिथे. एकच तार मोकळी होती. तिच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'मास्तरांना विचारायचं. धीर होत नाही.'

मास्तरांना रडू आलं. तार कुठे जोडायची ते त्यांनी लगेच लिहिलं. 'अहो, विचारायचं होतंत,' एवढं मात्र ज्याला सांगायचं, तो आता नव्हता.