कोंडवाड्यातला कॉम्प्युटर

ऐका तर. ती ब्रेल छापखान्यात कामाला होती आणि तिला तिथे सगळे भिंगरी म्हणायचे, कारण एक काम हातात, दुसरं डोक्यात आणि तिसरं तोंडात. छापखाना म्हणजे तरी काय, दोन खोल्या. पुढच्या खोलीत एक चांगला कॉम्प्युटर आणि त्याला जोडलेलं कागदावर ठिपके उठवणारं मशीन. ते सुरू झालं की खिडकीच्या काचा थरथरायच्या. मागच्या खोलीत कागदांचे गठ्ठे, आणि गठ्ठ्यांच्या मागे एक म्हातारा कॉम्प्युटर. त्याला नेट नाही. त्याचं नाव कोंडवाडा.

नाव बाईंनी ठेवलेलं. बाई म्हणजे छापखान्याच्या मालकीण. त्यांचा नियम असा, की बाहेरून कुठलंही प्लगइन, म्हणजे कॉम्प्युटरला वरून जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, आलं की आधी तीन दिवस कोंडवाड्यात. तिथे ते काय काय करतं बघायचं, मगच पुढच्या खोलीत घ्यायचं. "पाहुणा निदान बेल वाजवून येतो," बाई म्हणायच्या. "हे एकदा आत घेतलं की घरातल्या सगळ्या कपाटांच्या किल्ल्या ह्याच्या कमरेला."

भिंगरीला नियम तोंडपाठ होता. पण तोंडपाठ असून काय, हाताला घाई होती ना.

झालं काय, गणिताची प्रश्नपत्रिका आली. एक्केचाळीस अंध मुलांची बोर्डाची परीक्षा, सोमवारी. पेपरात बघावं तिकडे अपूर्णांक, आणि एकेक अपूर्णांक ठिपक्यांत हाताने बसवायचा म्हणजे जीव मेटाकुटीला येतो. तिला नेटवर एक फुकटचं प्लगइन सापडलं. अपूर्णांक आपोआप ठिपक्यांत. खाली कुणीतरी "फार छान" असंही लिहिलेलं. कोंडवाडा नुसता चालू व्हायचा म्हटलं तरी कपातला चहा निवायचा, तिथे तीन दिवस कोण थांबतंय? तिने ते सरळ चांगल्या कॉम्प्युटरवर चढवलं. त्याच कॉम्प्युटरवर पेपर होता.

आणि चाललं हो ते, अगदी झकास. दोन दिवसांचं काम तासात. भिंगरी खुर्चीत गोल फिरली.

शेजारी मास्तर बसलेले. मास्तर तिथले मुद्रितशोधक, जन्मापासून अंध. कागद बोटांनी वाचायचे आणि पडदा कानांनी. म्हणजे पडद्यावर जे काही येईल ते कॉम्प्युटर त्यांना बायकी आवाजात बोलून दाखवायचा, तेही इतक्या वेगाने की बाकीच्यांना डबीत माशी अडकल्यासारखं वाटायचं.

"मास्तर, हिला श्वास तरी घेऊ द्या," भिंगरी रोज म्हणायची.

"तू वाचताना मधेच श्वास घ्यायला थांबतेस का?" मास्तर रोज विचारायचे.

त्या दिवशी तर तिने आवाज पार बारीक करून ठेवलेला. पडदा क्षणभर काळा झाला आणि परत आला. तिला वाटलं, आपलाच डोळा लवला. मास्तरांची मान मात्र ताठ झाली.

"नेटची केबल काढ."

"का? काय झालं?"

"आधी काढ, मग विचार. एक खिडकी उघडून मिटली. 'गणित अंतिम' पाठवत आहे म्हणाली, सात टक्के. आता परत उघडली. एकोणीस."

भिंगरीने टेबलामागे हात घातला. तिथे वायरींचं जंजाळ, वर अंधार. तिने एक वायर ओढली, तर ठिपक्यांचं मशीन बंद पडलं. दुसरी ओढली, स्पीकर गेला. तेवढ्यात मास्तरांनी तिला कोपराने बाजूला सारलं, गुडघे टेकून बसले, बोटांनी वायरी चाचपल्या, टोकाला चिमटा असलेली नेमकी वायर धरली आणि खटकन काढली.

दोघंही जमिनीवर बसून राहिले.

"किती गेलं असेल?" तिने विचारलं.

"ते आपल्याला कळायचं नाही. म्हणजे पेपर फुटला असंच धरायचं."

"मास्तर, बाईंना काय सांगू?"

"झालं ते. मी तुझ्या शेजारी उभा राहीन. बोलायचं मात्र तू."

तिने सांगितलं. एकही शब्द गाळला नाही. बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"नियम माहीत होता?"

"तोंडपाठ होता."

"मग आता हातपाठ कर. जा, कोंडवाड्यावरची धूळ पुसून घे."

बाईंनी बोर्डाला फोन लावला आणि आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. राखीव पेपर संध्याकाळी माणसाच्या हाती आला, लाखबंद पाकिटात. चांगला कॉम्प्युटर आता आतून पूर्ण पुसल्याशिवाय वापरायचा नाही, म्हणजे उरला कोण? तोच, कपातला चहा निववणारा म्हातारा. ठिपक्यांचं मशीन मागे नेऊन त्यालाच जोडलं. गुरुवार संध्याकाळ ते रविवार दुपार, भिंगरीने त्याच्यासमोर बसून एकेक अपूर्णांक हाताने बसवला. तो रडत-खडत चालायचा, पण एकदाही थांबला नाही. मास्तरांनी पानन् पान बोटांखालून काढलं आणि तीन चुका पकडल्या. तिन्ही तिच्याच.

सोमवारी साडेदहाला बाईंचा फोन वाजला. एक्केचाळीस मुलं बसली, गठ्ठे उघडले, पेपर सुरू झाला. बाईंनी फोन ठेवला, भिंगरीच्या पाठीवर थाप मारली आणि आपल्या कामाला लागल्या.

भिंगरी मागच्या खोलीत गेली. मास्तर कोंडवाड्यापाशीच पडदा ऐकत बसले होते. ती दारातच घुटमळली.

"आभार मानायला आली असशील तर राहू दे," मास्तर म्हणाले. "केबल ओढायला काय लागतं?"

"मला दोन वेळा ओढून जमलं नाही."

मास्तर हसले. ती स्टूल ओढून शेजारी बसली आणि स्पीकरचा आवाज मोठा केला.

"मास्तर, हिला जरा हळू करा ना. ही काय बोलते ते मलाही कळायला हवं."

त्यांनी वेग उतरवत उतरवत अगदी तळाला नेला. पहिलीच्या वर्गात शिकवावं तसं एकेक अक्षर सुटं ऐकू यायला लागलं.

"एवढं हळू?" मास्तर म्हणाले. "मला झोप लागेल, पोरी."

पण पान संपेपर्यंत ते तिच्या शेजारी बसून ऐकत राहिले, आणि तिचं एखादं वाक्य निसटलं की न सांगता मागे नेत राहिले.