अबोल्याची गॅरंटी

मिहिकाने सायकॉलॉजी घेणार म्हटलं आणि अरुण साटमच्या घशात पोहे अडकले. दोन हजार दोन साल, आणि बर दुबईतल्या अख्ख्या बिल्डिंगला सांगून झालेलं की पोरगी इंजिनियर होणार! अॅडमिशनचा फॉर्म तर याच आठवड्यात भरायचा होता.

अरुणला जगातलं सगळं कळायचं, तेही कुणाला न विचारता. "चायनीजांचं डोकं म्हणजे कॅल्क्युलेटर. त्यांच्याच कौन्सेलरकडे नेतो हिला. इंजिनियरिंगशिवाय दुसरं बोलणारच नाहीत."

"तुमच्यासाठीच बसलेत ते तिथे," त्याची बायको मनोरमा म्हणाली.

कौन्सेलिंग सेंटरच्या रिसेप्शनवर वसईची डोरोथी होती. "अंकल, चायनीज कोण नाय इथं. तानाबे सर जपानचे, लिन मॅडम तैवानच्या, हान मॅडम कोरियाच्या."

"एकच गं ते! सगळ्यात कडक कोण, ते सांग."

तानाबे कमरेत वाकले. अरुण मागे राहणारा थोडाच! तो आणखी खाली वाकला, ते त्याहून खाली, आणि अरुणचं कपाळ टीपॉयवर आपटलं. त्यात कळलं की हा माणूस बँकेतली नोकरी सोडून इथे आलाय. अरुणने टेंगूळ चोळत त्याला नापास केलं. लिन मॅडमनी घरचं हॉस्पिटल सोडलेलं. त्याही नापास.

"मी कॉम्प्युटरच्या चिप्स बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर होते," हान मॅडम म्हणाल्या. अरुणचा चेहरा उजळला. "मग ते सोडून हे शिकले."

"आणि वडील काय म्हणाले?"

"काहीच नाही. तीन वर्षं झाली, बोलतच नाहीत."

अरुण खुर्चीतून उसळलाच. "ऐकलंस? याला म्हणतात शिस्त! तू सायकॉलॉजी घे, मीपण तीन वर्षं तोंडातून शब्द काढणार नाही!"

मिहिकाचे डोळे लकाकले. "थ्री इयर्स? फुल सायलेन्स? डॅड, प्रॉमिस?"

"प्रॉमिस!"

मनोरमाने पर्समधून पेन काढलं. "मिहू, फॉर्म काढ. इथेच भर, बाबा शुद्धीवर यायच्या आत."

हान मॅडमनी हसू लपवायला तोंडावर हात धरला. आरडाओरडा ऐकून दारात आलेल्या डोरोथीने तेवढेही कष्ट घेतले नाहीत.

फॉर्म वाटेतच पोस्टाच्या पेटीत पडला. टॅक्सीत अरुण खरंच गप्प होता, टेंगूळ पुढे काढून, हुतात्म्यासारखा. मीना बाजारच्या सिग्नलला ड्रायव्हर चुकीच्या लेनमध्ये शिरला. अरुणच्या मानेच्या शिरा फुगल्या, कान लाल झाले.

"अरे हबीबी, लेफ्ट! लेफ्ट लो ना, यल्ला, चलो!"

मागच्या सीटवर मायलेकींनी एकदमच सुस्कारा टाकला.

"खलास," मनोरमा म्हणाली. "कोरियन बाप हवा होता गं तुला."