पाच डब्या, एकच पोट

आसगावात भाताची रोवणी आटोपली होती, चुलीवर भात रटरटत होता आणि उर्वशी मात्र गोठ्यात बसून आपल्याच स्वयंपाकघराचा वास घेत होती! रोवणीच्या दिवशी तिनं रांधलेलं जेवून घरातल्या सगळ्यांना हगवण लागली, ती एकटी तेवढी ठणठणीत राहिली. बस्स! सासू सुंदरबाईंनी निकाल देऊन टाकला, "हिचा हातगुणच खराब आहे." तेव्हापासून तिला चूल बंद.

लोकांच्या पोटातल्या विषाणूंचा अभ्यास करणाऱ्या साधना मॅडम त्याच दिवसांत नागपूरहून गावात आल्या होत्या. प्रत्येकानं आपल्या शौचाचा नमुना द्यायचा म्हणून घरातल्या पाच जणांच्या नावाच्या पाच डब्या त्यांनी दिल्या. "बापा! हे बी तपासतेत?" म्हणत सासरे यादोराव हसत हसत शेतात पसार झाले. डब्या सुंदरबाईंनीच भरून दिल्या.

आज मॅडमची जीप दारात आली, तेव्हा तिथं एक मोटरसायकल आधीच उभी होती. उर्वशीचे बाबा टेकचंद साकोलीहून आले होते. लेकीला घेऊन जा, असा निरोप त्यांना गेला होता. फक्त लेकीला! दोन वर्षांचा गोलू इथंच राहणार होता.

"इहीनबाई, पोट्टं मायबिगर कसं राहीन?" टेकचंदनी सुंदरबाईंना विचारलं.

"राह्यते. माय जवळ असून बी कालपासून पुन्हा हगूनच राहिला ना?"

आत गोलू गोधडीवर मलूल पडला होता. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले. उर्वशी दाराशी धावली, तसा सुंदरबाईंनी हात आडवा घातला. "हात लावू नोको त्याले!" तिचा नवरा भुपेंद्र बाजूलाच उभा राहून चौकटीचा रंग नखानं खरवडत होता.

"थांबा, आधी माझं ऐका," मॅडम म्हणाल्या. "आपल्या सगळ्यांच्या आतड्यात असंख्य विषाणू राहतात. बहुतेक काही त्रास देत नाहीत. पण त्यांची जनुकं वाचली की कळतं, हा जमाव माणसागणिक वेगळा असतो. एका घरात थोडाफार सारखेपणा सापडतो, एवढंच. तुमच्या पाचही डब्यांत मात्र तो तंतोतंत एकच निघाला. या पाच जणांच्या डब्या नाहीत. एकाच माणसाच्या आहेत."

यादोराव उगाचच खोकले.

"भुपेंद्र, तुमची डबी तुम्ही दिली होती?"

"आई म्हणे, मी पाह्यतो."

सुंदरबाई उसळल्या. "हो, म्याच भरल्या! पाचही हिच्याच! दोष हिच्यातच आहे, मंग बाकीच्याइची घाण कायले शहरात पाठवा? सांगा आता, निघाला ना दोष?"

"नाही निघाला. हगवणीचा एकही ओळखीचा विषाणू या पोटात नाही. तुमच्यामुळे आम्ही उर्वशीला पाचदा तपासलं. पाचही वेळा नाही."

"मंग गोलूच्या पोटात कोठून आला?"

"तेच शोधायचं होतं, आई. पाण्यातून आला असेल, नाहीतर आणखी कुठून. त्याची डबी मिळाली असती तर कदाचित कळलं असतं. तुम्ही ती दिलीच नाही."

दारातला तो आडवा हात अजून तसाच होता. उर्वशीनं तो धरून बाजूला केला. लग्नानंतर पहिल्यांदाच! तिनं गोलूला उचललं.

"मॅडम, जीप पवनीच्या दवाखान्यात घ्या."

"अन् तेथून, बेटा?" टेकचंदनी विचारलं. "साकोलीले?"

"तेथून याच घरी, बाबा. चूल माही बी आहे. मी कोठीच जाऊन नाई राहिलो."

मॅडमनी जीपमधल्या आपल्या पाण्याच्या बाटलीत मीठ-साखरेची पुडी कालवली. सुंदरबाई जीपपाशी आल्या, पदर तोंडाशी. "मी येऊ काय?"

"या. वाटी तुम्ही धरा, चमचा मी धरतो," उर्वशी म्हणाली.

खराब ठरलेल्या त्याच हातानं उर्वशी गोलूला घोट घोट पाजत राहिली. दवाखान्यात सलाईन लागली. संध्याकाळी गोलूनं डोळे उघडून भात मागितला!

सगळे म्हणाले, बरं झालं, उर्वशी निर्दोष निघाली. पण वाचणाऱ्यांनो, मला एवढंच सांगा. तिच्या पोटात तो विषाणू सापडला असता, तर तिला गोठ्यात बसवणं बरोबर ठरलं असतं का?