घोंगडीचा फिल्टर

"हा नट कोनं पिळला, वासुदेवराव? पान्याले पाइप लावलता काय?"

"मीच पिळला."

"काऊन? गाडी पळून जाऊन राह्यली होती?"

हरिदास मिस्त्री हसला. मी हसलो नाही. वडनेरला माझ्या अंगणात तो बुलेटच्या उजव्या बाजूला पाटावर बसला होता. गाडी अकरा महिने पडवीत उभी होती. हिंगणघाटचा ताराचंद ती घ्यायला तयार होता. इंजिन जाम आहे, चालेल. पण कशानं जाम झालं ते आधी उघडून पाहा, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

कशानं जाम झालं ते मी अकरा महिने सगळ्यांना सांगत होतो. फिल्टरनं.

मी हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये कापसाचा तोलाईदार. रोजची ये-जा म्हणून मिलिटरीच्या लिलावातली ही गाडी तिसऱ्या हातानं घेतली. तिचा तेलाचा फिल्टर जाड नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा असतो. तो आमच्याकडे मिळत नसे. नागपूरला दोन खेपा रिकाम्या गेल्या, तेव्हा प्रमिलेनं, माझ्या बायकोनं, जुन्या घोंगडीचा चांगला भाग कापला आणि फिल्टरच्या जाळीवर मापात खोळ शिवली.

"इंजनालेबी थंडी वाजत असन," ती म्हणाली होती.

त्यावर गाडी दोन वर्षं चालली. तेल बदलायचं ठरलं की ती आधीच नवी खोळ शिवून ठेवायची. मला मात्र त्या खोळीचा भरवसा वाटायचा नाही. म्हणून शेवटच्या वेळी पान्याला पाइप लावून झाकण आवळलं. भरवसा नव्हता तर नागपूरला तिसरी खेप करायची होती. ती केली नाही.

माघात एका सकाळी तिच्या पोटात कळ आली. दुपारी ती उभी राहीना, तेव्हा मी तिला मागे बसवून वर्ध्याला निघालो. वायगावच्या अलीकडे इंजिनानं आवाज बदलला आणि मागचं चाक धरल्यासारखं थांबलं. किक खाली जाईना. प्रमिला मैलाच्या दगडाला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन बसली. दीड तासानं कापसाचा ट्रक थांबला. ट्रकमध्ये चढताना ती एवढंच म्हणाली, "गाडीले कुलूप लावलं ना?"

आतडं फुटलं होतं. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती गेली.

तेरवीला माझे मेहुणे महादेवराव यांनी विचारलं, "गाडी अशी कशी बंद पडली, जवाईबुवा?"

मी म्हटलं, "तिनं शिवलेला फिल्टर होता. चोंदला असन."

मी काही उघडून पाहिलं नव्हतं. तरी वाक्य तोंडातून सहज गेलं. मग ते घरोघर फिरलं. बाया म्हणू लागल्या, प्रमिलेची काटकसर तिलाच नडली. तिची आई रुख्माबाई बोरगाव मेघेला महादेवरावांकडे राहते. लेकीला गोधडी शिवायला तिनंच शिकवलं. त्या दिवसापासून म्हातारीनं सुई हातात घेतली नाही, असं मला कळलं. तरी मी गप्प राहिलो.

हरिदासनं झाकणावर रॉकेल सोडलं. उकळत्या पाण्यात बुडवलेल्या चिंध्या नटावर ठेवल्या, पुन्हा ठेवल्या. मग छिन्नी तिरपी धरून घाव घातले. चौथ्या घावाला नट हलला. झाकण निघालं, पण आतला फिल्टर जागचा हलेना.

"फुगून बसला. पेचकस घालून फाडतो. दोन मिन्टाचं काम आहे."

"फाडू नको."

"अवो, जुनी घोंगडी त् आहे."

"असू दे. पण फाडू नको."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग सायकलचा स्पोक वाकवून आकडा केला, तो आतल्या जाळीत अडकवला आणि थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे असं फिरवत बसला. अर्धा तास गेला. तो फिल्टर चोंदलेला निघावा, फाटका निघावा, असं मला वाटत होतं. खोटं कशाला सांगू.

तो अख्खा निघाला. तेलानं काळा झाला होता, पण एक टाका उसवला नव्हता. हरिदासनं त्याचं एक तोंड अंगठ्यानं दाबलं, दुसऱ्यातून रॉकेल ओतलं. सगळ्या बाजूंनी ते पाझरून खाली पडलं.

"हा काई चोंदला नाई," तो म्हणाला. "दुकानातल्याहून बरा शिवला आहे. मंग जाम झाली कशानं?"

त्यानं इंजिनाखाली घमेलं सरकवलं आणि तेल काढायचा बोल्ट खोलला. दोन लिटरच्या वर तेल पडायला हवं होतं. चहाचा कप भरेल एवढं पडलं आणि धार तुटली. त्यानं बोल्टाचा वायसर नखानं चाचपला.

"वायसर खाल्लेला आहे. इथूनच तेल गेलं सारं. अंगणात डाग नवता पडत?"

पडत होता. प्रमिला एक दिवसाआड अंगण सारवायची. "तुमच्या गाडीचा डाग सारवणातून वर येऊन राह्यला," ती म्हणायची. "तेल पाहून घ्या ना." त्या महिन्यात तीनदा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा मी डागावर पोतं टाकलं.

हरिदासनं वर पाहिलं नाही. "घाईत राहून जाते मान्साचं," एवढंच तो म्हणाला. बोल्ट पुसत त्यानं विचारलं, "ताराचंदले काय सांगू?"

"जे निंघालं ते सांग."

दुसऱ्या दिवशी मी एसटीनं बोरगावला गेलो. महादेवराव ओसरीवर पेपर वाचत होते. रुख्माबाई भिंतीला टेकून बसली होती. तिला आता फार दिसत नाही. मी फिल्टर रुमालातून काढून तिच्या हातात दिला.

"आई, प्रमिलेनं शिवला तो हाच. हा चोंदला नवता. गाडीत तेल नवतं. ती मले सांगून राह्यली होती, मी पाह्यलं नाई. तेरवीले मी खोटं बोललो."

महादेवरावांनी पेपर खाली ठेवला. "अकरा महिने?" ते म्हणाले.

मी मान हलवली.

म्हातारीनं बोटांनी शिवण शोधली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ती एकेक टाका चाचपत गेली. जिथे दोरा संपवून गाठ मारली होती, तिथे तिचं बोट थांबलं.

"माह्यासारखीच गाठ मारे," ती म्हणाली.

तिनं फिल्टर मला परत दिला नाही. पदराच्या टोकात बांधला आणि मांडीवर ठेवला. मला कुणी बस म्हणालं नाही, जा म्हणालं नाही. मी पायरीवर बसून राहिलो. तिच्या पांढऱ्या पदरावर तेल हळूहळू उमटत होतं. महादेवरावांनी ते पाहिलं आणि पदर सोडवायला हात पुढे केला. तिनं तो बाजूला सारला.

"राहू दे," ती म्हणाली.