शेजारी झोपणाऱ्याने सांगायचे

पारोळ्याच्या कोकिळाबाई नवऱ्याला सोडून एक रात्र माहेरी राहत नाहीत, हे गल्लीनं कधीच पक्कं करून टाकलं होतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साऱ्या सासुरवाशिणी माहेरच्या झोक्यावर. ही सकाळी फैजपूरला जाणार आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. "नवरा काय वितळतो का गं?" भावजय चिडवायची. कोकिळाबाई हसून घ्यायच्या. खरं कारण डेपोपर्यंत पोचलं असतं तर पंचाईत. नवरा, झुलालभाऊ, एसटीचे ड्रायव्हर.

त्या दिवशी भाऊंची सुट्टी होती. छातीचे जुने आजार आणि झोपेत अडणारा श्वास यांची पाहणी करणारी मृणाली दारात आली. कुणाला तपासायचं यासाठी गावातल्या नावांच्या चिठ्ठ्या काढल्या, त्यांत भाऊंचं नाव निघालं होतं. भाऊंनी श्वास मोजायच्या नळीत अशी फुंकर मारली, की ओट्याखालची कोंबडी पळाली.

"छाती उत्तम," मृणाली म्हणाली. "घोरता का?"

"नही."

"दिवसा डुलकी?"

"ड्रायव्हरले डुलकी? काय बोलस ताई!"

मृणालीनं पान उलटलं. पुढचे प्रश्न 'शेजारी झोपणाऱ्याने सांगायचे' होते. ती स्वयंपाकघरात आली. बाहेरच्या ओट्यावरून भाऊ खिडकीतून बघत होते, आरशातून कंडक्टरला दटावावं तसे.

"झोपेत श्वास थांबतो का त्यांचा, अक्का?"

नाही म्हणावं, तर हा पहारा जन्मभराचा. हो म्हणावं, तर स्टेअरिंग जाणार. आणि त्या गाडीत रोज पन्नास माणसं बसतात.

"थांबतो," कोकिळाबाई म्हणाल्या. "मी तीसपर्यंत मोजते. मग कोपर मारते. अकरा वर्षं झाली."

मृणालीचं पेन अडलं. "मग तुम्ही झोपता कधी?"

"त्याचा रकाना आहे का?"

नव्हता.

जळगावला करायच्या झोपेच्या तपासणीचा कागद देऊन मृणाली गेली. भाऊंनी तो दोनदा वाचला.

"बठ्ठं सांगी दिधं ना? मन्ही गाडी गई आते!" त्यांनी खाट ओट्यावर ओढली. "कर आराम. कोपर माराले येऊ नको." आणि दाराला बाहेरून कडी घातली.

भर दुपार. कोकिळाबाई आडव्या झाल्या. अख्खं अंथरूण त्यांचं एकटीचं. बाहेर घोरणं सुरू झालं, चढलं आणि एकदम बंद पडलं. त्या धावल्या. कडी हलेना. त्यांनी दोन्ही तळव्यांनी दार बडवलं.

"मरनू नही आजून!" भाऊ बाहेरून खेकसले.

"झोपा," त्या म्हणाल्या आणि दाराला कान लावून तिथंच बसल्या.